शेष मांसाचे सूप आणि पाककृतीचे गद्य

मराठीत 'साहित्य' हा शब्द वाङ्मयालाही लागतो आणि पाककृतीच्या आरंभी दिलेल्या जिनसांच्या यादीलाही. हा योगायोग कोशापुरता मानला, तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाकग्रंथाकडे का वळावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात सापडते. पाककृती हा गद्याचा एक प्रकार आहे. त्याला वक्ता आहे, गृहीत धरलेला वाचक आहे, कालक्रमाची अत्यंत काटेकोर मांडणी आहे आणि क्रियापदाच्या एका विशिष्ट अर्थावर त्याची सारी भिस्त आहे. इंग्रजी पाककृती आज्ञार्थात बोलते. मराठी पाककृती विध्यर्थात. 'घाल' आणि 'घालावे' यांतील अंतर हे दोन स्वयंपाकघरांतील शिष्टाचाराचेही अंतर आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच विश्वास असतो: यादीतले जिन्नस मोजून घेतले आणि सांगितलेल्या क्रमाने क्रिया केल्या, की पदार्थ सिद्ध झालाच पाहिजे.

बाजारातून आणलेल्या कच्च्या जिनसांपासून आरंभ होणाऱ्या कृतीत हा विश्वास बहुधा टिकतो. जिचा आरंभच दुसऱ्या एका कृतीच्या शेवटापासून होतो, अशा कृतीत मात्र तो डळमळू लागतो. आदल्या दिवशी शिजवलेल्या गोमांसाच्या उरलेल्या तुकड्यांपासून दाट, पोटभरीचे सूप करणे हे अशा कृतीचे एक ठळक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील इंग्रज मध्यमवर्गीय घरात रविवारी मांसाचा मोठा तुकडा भाजला जाई आणि त्याचे अवशेष पुढे दोनतीन दिवस निरनिराळ्या रूपांनी पानात येत. तेव्हा त्या काळच्या पाकग्रंथांना हा विषय टाळणे शक्यच नव्हते. तो त्यांनी कसा हाताळला, हे पाहिले असता त्या ग्रंथांविषयीची काही रूढ मते पुन्हा तपासून घ्यावीशी वाटतात. मराठी वाचकांपैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ शिजत नाही, ही गोष्ट येथे आड येण्याचे कारण नाही. विचार पदार्थाच्या चवीचा नसून त्याविषयीच्या गद्याचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. मराठीत उरलेल्या अन्नाला एक नाव नाही. 'उष्टे' म्हटले की कोणाच्या तरी हातातोंडाचा स्पर्श सूचित होतो. 'शिळे' म्हटले की काळ लोटल्याचा बोध होतो. 'खरकटे' हा शब्द तर भांड्यापर्यंत जाऊन पोचतो. आणि 'उरलेले' यात केवळ परिमाणाचा निर्देश असतो. या छटांतून निवड केल्यावाचून मराठी बोलणाऱ्याला शेष अन्नाविषयी बोलताच येत नाही. इंग्रजी ग्रंथकर्त्या त्याला 'थंड मांस' म्हणतात. यात स्पर्शाचा उल्लेख नाही, काळाचा नाही, परिमाणाचाही नाही. आहे तो केवळ उष्णतेच्या अभावाचा. उष्णता तर पुन्हा देता येते! झालेली हानी भरून निघण्यासारखी आहे, हे आश्वासन त्या शब्दप्रयोगातच दडलेले आहे. प्रस्तुत विवेचनात 'शेष मांस' हा शब्द योजला आहे, तो कोणतेही आश्वासन न देणारा म्हणून.

कारण हे आश्वासन पुरतेपणी खरे नाही. मांस शिजते तेव्हा स्नायूंतील प्रथिने आकसतात आणि आपल्यातील पाणी बाहेर टाकतात. ते मांस निवले म्हणून गेलेला रस परत येत नाही. त्याच वेळी स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू, ओल्या आणि मंद उष्णतेत पुष्कळ वेळ राहिले तर, विरघळून त्यांचे जिलेटिन होते. पायाच्या चिवट मांसात असे तंतू भरपूर असल्याने ते तासन्‌तास शिजवल्याने मऊ होते. पाठीच्या कोवळ्या भागात ते थोडे असतात, म्हणून तो भाग भाजण्यास योग्य. आणि म्हणूनच भाजून झालेला तो भाग पुन्हा उकळत ठेवला तर द्रवात बुडालेला असूनही कोरडा आणि दोऱ्यासारखा होतो. शेष मांसाच्या सूपातील खरा विरोधाभास हा आहे. ज्या मांसाच्या नावाने ते सूप ओळखले जाते, त्या मांसापाशी सूपाला देण्यासारखे फारसे उरलेले नसते. चव अन्य ठिकाणाहून आणावी लागते: फोडलेल्या हाडांतून, कडेच्या तपकिरी तुकड्यांतून, भाजण्याच्या भांड्याच्या बुडाशी धरलेल्या खरपुडीतून, परतलेल्या कांद्यातून. दाटपणाही बाहेरूनच येतो. लोण्यात पीठ परतून त्यात हा कढ थोडाथोडा मिसळावा लागतो. एकदम ओतला तर गुठळ्या होतात. पीठ फार लाल केले तर त्याची चव वाढते, परंतु दाट करण्याची शक्ती घटते. साय शेवटी, आच कमी करून. पिठाचा आधार असला तर ती सहसा फाटत नाही. आणि मांस लहान, तंतूंच्या आडवे कापून, अगदी अखेरीस, केवळ तापण्यापुरते.

शिजवून ठेवलेले मांस पुन्हा तापवल्यावर त्याला एक विशिष्ट जुनाट वास येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मांसातील लोहाच्या सान्निध्यात स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण होते, त्याचा हा परिणाम होय. १९५८ साली अमेरिकन संशोधकांनी त्याला स्वतंत्र नाव दिले. दाट सूपातील कांदा, मिरी आणि साय यांचे एक काम हा वास झाकण्याचे असते. म्हणजे सायीचे सूप हा शेष मांसाला मिळालेला मान नव्हे. ती त्याच्या दोषावरील तडजोड आहे, आणि चांगल्या हाती पडली तर फार चांगली तडजोड आहे.

आता ही सारी माहिती गद्यात कशी यावी? येथे आज्ञार्थ अपुरा पडतो. मांस भाजलेले होते की उकडलेले, आतून लाल राहिले होते की पुरते शिजले होते, किती उरले आहे, हाडे आहेत की नाहीत, हे लेखिकेला ठाऊक नसते. तिला संकेतार्थाचा आश्रय करावा लागतो: असे असेल तर तसे करावे, हे उकळले तर ते होईल. जो पाकग्रंथ संकेतार्थात बोलू शकतो, तोच शेष अन्नाविषयी काही सांगू शकतो. या कसोटीवर इझाबेला बीटन आणि एलायझा ॲक्टन या दोघींचे ग्रंथ ठेवून पाहण्यासारखे आहेत.

बीटनबाईंचा गृहव्यवस्थेवरील ग्रंथ १८५९ ते १८६१ या काळात भागश: निघाला आणि १८६१ मध्ये एकत्रित प्रसिद्ध झाला. अकराशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथाचे रचनातंत्र आज इतके परिचित आहे की त्यात काही रचना आहे, हेच लक्षात येत नाही. आरंभी जिनसांची यादी, मग कृती, मग लागणारा वेळ, सरासरी खर्च, किती माणसांना पुरेल आणि कोणत्या ऋतूत करावे. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. घर ही एक कचेरी आहे आणि गृहिणी तिची मुख्य अधिकारी आहे, अशी या ग्रंथाची भूमिका आहे आणि ही मांडणी त्या भूमिकेला शोभते. शेष मांसाच्या कृतींची नोंदही तशीच शिस्तशीर आहे: शीर्षकाच्या पुढे 'थंड मांसाचा पाक' अशी खूण.

या खुणेच्या कृतींपैकी मराठी वाचकाचे कुतूहल चाळवील अशी कृती गोमांसाच्या 'करी'ची आहे. यादीत थंड मांसाचे काही काप, ३ औंस लोणी, २ कांदे, वाइनच्या पेल्याने पेलाभर बिअर आणि चमचाभर करी-पूड आहे. दहा मिनिटे ढवळावे, भाताच्या कडेसह वाढावे! या करीचा हिंदुस्थानशी किती संबंध आहे, हा प्रश्न मनोरंजक असला तरी येथे गौण होय. लक्षात घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. पहिली म्हणजे यादीतील 'भाजलेले किंवा उकडलेले' हे शब्द. हा 'किंवा' फार घातक आहे. भाजलेल्या मांसात बराच रस शिल्लक असतो. उकडलेल्याचा रस आदल्याच दिवशी भांड्यातल्या पाण्यात उतरलेला असतो. ब्रिया-साव्हारँ याने १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसनाविषयक ग्रंथात उकडलेल्या गोमांसाची जी हेटाळणी केली आहे, ती याच मुद्द्यावर: ते मांस आहे, पण आपल्या रसाला मुकलेले. बीटनबाईंच्या यादीत मात्र हे दोन्ही प्रकार एका अव्ययाने शेजारी बसवले आहेत, कारण यादीला वस्तूचे नाव कळते, तिचा इतिहास कळत नाही. कच्च्या जिनसाच्या बाबतीत इतिहास न कळल्याने बिघडत नाही. शेष जिन्नस म्हणजे मात्र मुख्यत: त्याचा इतिहासच असतो.

दुसरी गोष्ट खर्चाच्या नोंदीतील आहे. या करीचा सरासरी खर्च ४ पेन्स दिला आहे, तोही 'मांस वगळून'. शेष मांसाच्या कृतींत अशी वजावट पुनःपुन्हा आढळते. हिशेबाच्या दृष्टीने ती समर्थनीय आहे. रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या खात्यावर तो खर्च आधीच पडलेला आहे. तथापि, जो ग्रंथ पेनीपेनीचा हिशेब देण्याची प्रतिज्ञा करतो, त्याने पदार्थातील सर्वांत मौल्यवान जिन्नस शून्य किमतीचा मानावा, ही त्याच्या पद्धतीची मर्यादाही आहे आणि प्रामाणिकपणाही. आकड्याच्या रकान्यात जे बसत नाही ते नाही, असे येथे उघडपणे नोंदवलेले आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, ब्रिटनमध्ये मांसाचे रेशनिंग सुरू झाले ते वजनावर नव्हे तर किमतीवर. माणशी आठवड्याला अमुक शिलिंग-पेन्सचे मांस असा तो नियम १९५४ पर्यंत या ना त्या प्रमाणात चालला. 'मांस वगळून' असा हिशेब मांडण्याची सोय त्या पिढीला उरली नव्हती.

एलायझा ॲक्टन यांचा ग्रंथ १८४५ चा, म्हणजे बीटनबाईंच्या आधीचा. ॲक्टनबाई मूळच्या कवयित्री. त्यांचा काव्यसंग्रह १८२६ मध्ये निघाला होता. जिनसांची स्वतंत्र नोंद आणि वेळेचे निश्चित आकडे ही पद्धत इंग्रजी पाकग्रंथांत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. परंतु त्यांच्या ग्रंथात ही नोंद कृतीच्या शेवटी येते. आधी गद्य, मग गोषवारा. हा फरक वरवर किरकोळ दिसला तरी महत्त्वाचा आहे. यादी आधी आली की कृती ही यादीची अंमलबजावणी ठरते. यादी नंतर आली की ती वाचलेल्या गोष्टीची आठवण ठरते. शिवाय कृतीनंतर ॲक्टनबाई अनेकदा एक 'निरीक्षण' जोडतात, आणि त्यांच्या ग्रंथाचे मर्म बहुधा तेथेच असते.

शेष गोमांसाच्या वा मेंढीच्या मांसाच्या साध्या हॅशची त्यांची कृती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हॅश आणि दाट सूप यांत भेद असतो तो द्रवाच्या प्रमाणाचा, तत्त्व तेच. ॲक्टनबाई मांस हाडांवरून काढून बारीक कापावयास सांगतात, तपकिरी कडा वेगळ्या करावयास सांगतात, आणि त्या कडा, फोडलेली हाडे, कांदा, गाजर, मिरी, लवंगा हे सारे दीड पाइंट पाण्यात ते निम्म्याहून किंचित अधिक उरेपर्यंत शिजवावयास सांगतात. म्हणजे मांस बाजूला राहते आणि त्याच्याभोवतीचे सारे त्याच्यासाठी राबते. गाळलेल्या कढाला तांदळाच्या पिठाने किंवा आरारुटाने दाटपणा आणल्यावर मांस शेवटी आत पडते. मग निरीक्षण येते: मांसाला उकळी फुटू दिली तर ते तत्काळ कठीण होते, मग ते खाण्याजोगे करण्यास पुष्कळ वेळ शिजवावे लागते, आणि आधीच पुरते शिजलेल्या मांसाच्या बाबतीत ते मुळीच इष्ट नाही.

हे निरीक्षण बारकाईने वाचले पाहिजे. त्यात निषेध आहे, निषेधाचे कारण आहे, चूक झालीच तर उपाय आहे, आणि तो उपाय चांगला का नव्हे याचाही निर्वाळा आहे. चार पायऱ्यांचा हा विचार संकेतार्थी वाक्यरचनेवाचून मांडताच आला नसता. लीबिगचे मांसविषयक रासायनिक संशोधन १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲक्टनबाईंनी १८५५ च्या सुधारित आवृत्तीत त्याचा आदराने उपयोग केला. लीबिगच्या विवेचनातील एक भाग, मांसाचा पृष्ठभाग प्रथम तीव्र उष्णतेने आवळून घेतला की आतील रस कोंडला जातो हा, पुढे चुकीचा ठरला. ॲक्टनबाईंचे उकळीविषयीचे निरीक्षण मात्र आजही खरे आहे. शास्त्रज्ञाच्या सिद्धान्तापेक्षा कवयित्रीचे निरीक्षण अधिक काळ टिकावे, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. तिने ते भांड्यापाशी उभे राहून लिहिले होते. आपल्या कृती आपल्याच घरात, आपल्या देखरेखीखाली करून पाहिल्या असल्याचे प्रस्तावनेत त्या सांगतात, आणि १८५५ च्या आवृत्तीत इतरांनी त्या विनाउल्लेख उचलल्याची तक्रारही करतात.

विसाव्या शतकातील टीकेने या दोघींचा निवाडा केलेला आहे. एलिझाबेथ डेव्हिड यांनी ॲक्टनबाईंच्या ग्रंथाला इंग्रजीतील पाकग्रंथांत अग्रस्थान दिले; १९६८ साली निघालेल्या त्यांच्या निवडक कृतींच्या पुस्तकाला डेव्हिड यांचीच प्रस्तावना आहे. उलट बीटनबाईंचा ग्रंथ हा बहुतांशी इतरांच्या, त्यांत ॲक्टनबाईंच्याही, कृतींचे संकलन आहे, हे आता सप्रमाण मान्य झाले आहे. तेव्हा ॲक्टन ही लेखिका आणि बीटन ही संपादिका, पहिलीला आवाज आहे आणि दुसरीला केवळ पद्धत, असा हा रूढ निवाडा आहे. थंड मांसाच्या कृतींपुरता तो बिनचूक वाटतो. सूपाच्या प्रकरणाकडे वळल्यावर मात्र तो तसाच्या तसा स्वीकारणे कठीण होते.

त्या प्रकरणात एक 'पांढरे सूप' आहे. इंग्रज उच्चवर्गीय मेजवानीशी या सूपाचे नाते जुने आहे. जेन ऑस्टिनच्या १८१३ मधील 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत नृत्यसमारंभाची आमंत्रणे पांढरे सूप पुरेसे तयार झाले की धाडली जातील, असा उल्लेख येतो. बीटनबाईंच्या कृतीत ते बदाम, साय, उकडलेल्या अंड्यांचे बलक, शिळ्या पावाचा जाड काप आणि थोडे थंड मांस यांचे होते. मांस वासराचे किंवा कोंबडीचे. म्हणजे येथेही शेष मांस आहे, शिळा पाव आहे. परंतु बदाम आणि साय यांनी त्यांना असे काही वेढले आहे की शेषत्वाची शंकाही येऊ नये. प्रौढ जनावराच्या गडद मांसाला त्या काळच्या इंग्रजी स्वयंपाकात हा मान क्वचितच मिळाला. त्याच्या वाट्याला तपकिरी रस्सा आला. गोमांस आणि साय यांची घरगुती सूपात सर्रास गाठ पडू लागली ती पुढे, विसाव्या शतकात, विशेषत: अमेरिकेत, कॅम्पबेल कंपनीचे डबाबंद सायीचे अळंबी-सूप १९३४ मध्ये बाजारात आले आणि शेष मांसाचा सांधा जुळवणारा पदार्थ म्हणून तेथील घरोघरी वापरात रुळले. डब्याने मोजमापाची गेलेली निश्चिती परत आणली, असे म्हणता येईल. मांस कितीही आणि कसलेही असो, डबा मात्र एक.

दाटपणा हा या सर्व सूपांचा समान गुण आहे, आणि तो मोठा बोलका गुण आहे. जिभेला दाट द्रव पौष्टिक वाटतो. तो तसा असतोच असे नाही. याचा दाखला १८४७ मध्ये आयर्लंडात मिळाला. बटाट्याच्या रोगाने ओढवलेल्या दुष्काळात, लंडनच्या रिफॉर्म क्लबचा प्रख्यात आचारी अलेक्सी स्वाये याने डब्लिन येथे सार्वजनिक सूपगृह उभारले. त्याच्या गाजलेल्या कृतीत २ गॅलन पाण्याला पाव पौंड गोमांस, २ औंस चरबी, अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड सोललेले जव, काही कांदे आणि भाज्या, मीठ आणि किंचित खांडसरी साखर असे प्रमाण होते. लिटरच्या हिशेबाने पाहिले तर मांस सुमारे १२ ग्रॅम आणि पीठ व जव मिळून सुमारे ५० ग्रॅम. मांसाच्या चौपट धान्य! 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या सूपाच्या पोषणमूल्यावर टीका केली, ती यामुळेच. सूप दाट होते, ऊन होते, आणि त्याची चवही बहुधा बरी असावी; स्वाये हा उत्तम आचारी होता. प्रश्न होता तो दाटपणाने दिलेल्या वचनाचा.

बीटनबाईंच्या सूपप्रकरणात 'परोपकारार्थ उपयुक्त सूप' या नावाची एक कृती आहे आणि ती स्वायेच्या कृतीच्या शेजारी ठेवून वाचावी अशी आहे. जव आणि तपकिरी साखर दोन्हींत आहेत, त्यामुळे त्यांचे नाते उघड दिसते. परंतु यादीचा आरंभ पाहावा: बैलाच्या गालाचे मांस, गोमांसाचे स्वस्तात मिळणारे कोणतेही तुकडे (४ पौंड धरून), थोडी हाडे, कोठीत असेल ते मांस उकडल्याचे पाणी. मग कांदे, लीक, गाजरे, सलगम. सेलरीचे बाहेरचे देठ किंवा हिरवे शेंडेही चालतील. ४ पौंड साधे तांदूळ किंवा जव. थोडी बिअर. पावाचा चुरा. पाणी १० गॅलन. आकडे काटेकोरपणे देणाऱ्या लेखिकेच्या यादीत 'कोणतेही', 'थोडी', 'असेल ते', 'चालतील' हे शब्द एकामागून एक येतात. यादी सैल झाली आहे. ती दुकानापुढे उभी राहून केलेली नाही. कोठीचे दार उघडून, आत डोकावून केलेली आहे. येथील 'किंवा'सुद्धा वेगळा आहे. तांदूळ किंवा जव, दोन्ही दाटपणा देतात, कोणतेही चालेल, हे करून पाहिलेल्या माणसाचे विधान आहे. प्रमाणही वेगळे आहे: दर लिटरला तुकड्यांचेच मांस सुमारे ४० ग्रॅम आणि धान्यही सुमारे ४०, गालाचे मांस आणि हाडे त्याहून निराळी. दाटपणा येथे आपल्या वचनाला बराचसा जागतो.

आणि कृतीच्या शेवटी, त्या क्रमांकांच्या आणि रकान्यांच्या ग्रंथात, एक टीप येते. १८५८ च्या हिवाळ्यात संपादिकेने स्वतः, दर आठवड्याला, आपल्या घरच्या तांब्याच्या हंड्यात ८-९ गॅलन हे सूप करून शेजारच्या खेड्यातील सुमारे बारा कुटुंबांना वाटले, अशी ती नोंद आहे. 'संपादिका' असा स्वतःचा तृतीयपुरुषी उल्लेख आहे. त्या वेळी बीटनबाई बावीस वर्षांच्या होत्या; अठ्ठाविसाव्या वर्षी, १८६५ मध्ये, त्या वारल्या. या ग्रंथाला आवाज नाही असे म्हणणाऱ्यांनी या टिपेचे काय करावयाचे? ॲक्टनबाईंच्या निरीक्षणाइतकी ती रेखीव नाही. परंतु संकलनाच्या त्या अवाढव्य इमारतीत येथे एक खिडकी आहे आणि तिच्यातून वाफ येते आहे, हे नाकारता येणार नाही. शेष मांसाने यादीला सैल केले आणि यादी सैल होताच लेखिका बोलू लागली, असा हा क्रम आहे. संकलनाचा आरोप खरा मानूनही या एका कृतीपुरते बीटनबाईंना लेखिका म्हटले पाहिजे.

मात्र त्या बोलू लागल्या म्हणजे काय बोलल्या, हेही पाहणे प्राप्त आहे. सूप लोकांना फार आवडले असे मानण्यास कारण आहे, असे टीप सांगते. बहुसंख्य गरिबांचे नेहमीचे जेवण म्हणजे थंड मांस आणि पावाचा तुकडा. त्याऐवजी त्यांना ऊन, सुखावणारे अन्न मिळाले. स्वयंपाकाचे थोडे अधिक ज्ञान असते, तर त्यांना याहून कमी खर्चात रोज असे ऊन अन्न करता आले असते. 'थंड मांस' हा शब्द येथे पुन्हा आला आहे. मध्यमवर्गीय कोठीतले थंड मांस हा कल्पकतेचा आरंभ ठरतो, आणि झोपडीतले थंड मांस हा अज्ञानाचा पुरावा.

या विधानाची तपासणी त्याच कृतीतील आकड्यांनी करता येते. खर्च दर क्वार्टला दीड पेनी. १० गॅलनचे ४० क्वार्ट, म्हणजे एकंदर ५ शिलिंग. वेळ साडेसहा तास. साहित्याच्या यादीत मात्र सरपण नाही. साडेसहा तास आच लावण्याइतका कोळसा आणि १० गॅलन मावेल एवढा हंडा ज्या घरात आहे, तेथे ही गोष्ट यादीत घालण्याची गरज वाटत नाही, जशी रविवारचे मांस परवडणाऱ्या घरात थंड मांसाची किंमत मांडण्याची गरज वाटत नव्हती. 'मांस वगळून' हे तेथे निदान शब्दांत लिहिलेले होते. 'कोळसा वगळून' हे येथे लिहिलेले नाही. खेड्यातल्या मजुराचे कुटुंब थंड मांस खात होते, त्यामागे ज्ञानाची उणीव असेलही. परंतु एका चुलीचे घर, लहान भांडे आणि मोजके सरपण ही अधिक साधी कारणे आहेत, आणि ती लेखिकेच्या नजरेस आली नाहीत. ज्या टिपेत तिचा आवाज प्रथम ऐकू येतो, त्याच टिपेत त्या आवाजाची पोच किती, हेही कळते.

ॲक्टनबाईंच्या बाजूने येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजी स्वयंपाकघरांतील उधळपट्टीवर त्याही कठोर शब्दांत लिहितात. परंतु त्यांचा रोख चांगले जिन्नस वाया घालवणाऱ्या घरांवर आहे. फ्रेंच कारागीर कुटुंबाच्या नेहमीच्या सूपाची कृती देताना त्या भांड्याचा आकार, आचेचे मान आणि तासांचा हिशेब यांकडे बारकाईने लक्ष पुरवतात, कारण तो पदार्थ त्यांवरच अवलंबून आहे. आचेला त्यांच्या गद्यात स्थान आहे.

बीटनबाईंची टीप मात्र आवडीच्या नोंदीपाशी आणि उपदेशापाशी थांबते. आठवड्यागणिक ८-९ गॅलन सूप हंड्यातून बाहेर गेले, हे तिच्यावरून कळते. ते नेण्यास कोण येत असे, कोणत्या भांड्यातून नेत असे, घरी नेईपर्यंत ते ऊन राहत असे की पुन्हा तापवावे लागे, याविषयी तीत काही नाही. आणि त्या बारा कुटुंबांपैकी कोणाचा एकही शब्द त्या अकराशे पृष्ठांत आलेला नाही.